हात गुंतलेले, कान मोकळे

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा मला प्रश्न पडला. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर मेळावा हे महत्त्वाचे विषय माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून अनेकदा हाताळले आहेत. मी जन्मभर शाळामास्तर. संस्थेच्या कारभारातले मला फारसे कळत नाही. म्हणून एक अगदी घरगुती विषय मी निवडला आहे. घरात बसून माणसाने मन कशात रमवावे? पुस्तके, गाणी, रेडिओवरचे आणि दूरदर्शनवरचे कार्यक्रम, नाना प्रकारचे छंद, यांचा आपल्या शिंपी समाजाच्या घरांशी संबंध काय? विषय हलका वाटेल. परंतु माझ्यापुरते त्यात एक ऋण आहे आणि एक चूकही आहे. ती दोन्ही आज आपल्यासमोर मांडावयाची आहेत.

आपल्या धंद्याचे एक वैशिष्ट्य आपण सहसा ध्यानात घेत नाही. शिंप्याचे दुकान पुष्कळदा त्याच्या घरातच असावयाचे. ओटीवर मशीन, भिंतीशी कापडाचे गठ्ठे, आणि माजघराच्या दारातून आत चाललेला संसार. शेतकऱ्याला शिवारात जावे लागते, गिरणीकामगाराला भोंग्याबरोबर घर सोडावे लागते. शिंपी मात्र पोट भरण्यासाठी घरीच बसतो. दिवसाचे दहा-बारा तास त्याचे हात आणि डोळे कापडात गुंतलेले असतात. मोकळे राहतात ते फक्त कान. आपल्या समाजात नामाचे, कथेचे आणि गाण्याचे वेड पिढ्यानपिढ्या का टिकले, याचे एक कारण मला या मोकळ्या कानांत दिसते.

श्रीनामदेव महाराजांचेच उदाहरण घ्या. मनाचा गज आणि जिभेची कात्री करून त्यांनी नामस्मरणाचे वस्त्र शिवले. त्यांच्या पदांत सुई आणि दोरा यांचीही रूपके आली. त्यांची ६१ पदे पुढे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्यांच्या घरातील सारीच माणसे अभंग रचीत आणि त्या घरी राबणाऱ्या जनाबाई दळणकांडण करता करता गात, असे परंपरा सांगते. म्हणजे काम आणि रंजन यांची आज आपण केलेली फाळणी त्या घराला ठाऊक नव्हती. काम संपवून मग करमणूक, असा तेथे क्रम नव्हता. दोन्ही एकाच वेळी आणि एकाच छपराखाली चालत.

आता माझ्या घराकडे वळतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, बाजारपेठेचे. वडिलांचा जन्म १९३२ सालचा. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. शाळा चौथीपर्यंत. त्यांना वाचता येत होते, पण वाचावयास सवड नव्हती. मी दुसरी-तिसरीत गेलो आणि अडखळत का होईना वाचू लागलो, तेव्हा त्यांनी ती सवड माझ्याकडून मिळवली. नगरवाचनालयाची वर्गणी भरली, आणि रोज दिवेलागणीनंतर मी ओटीवर बसून मोठ्याने वाचावे असा नेम घालून दिला.

यात त्यांनी एक युक्ती केली होती, ती मला फार उशिरा उमगली. पायमशीन चालू असले की तिच्या आवाजात वाचलेले ऐकू येत नाही. म्हणून दिवसा ते नुसत्या टिपा मारीत आणि हाताचे सारे काम, म्हणजे काजे, बटणे, तुरपाई, हे संध्याकाळसाठी राखून ठेवीत. दिवे लागले की मशीन थांबे, अंगुस्तान बोटावर चढे आणि ते म्हणत, “हं, काढ पुस्तक.” कामाचा एक क्षणही वाया न घालविता त्यांनी वाचनासाठी तास-दीड तास निर्माण केला होता.

त्या ओटीवर मी काय काय वाचले! नाथमाधवांच्या कादंबऱ्या वाचल्या, बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंजार’ वाचला. १९६७ साली शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ निघाले. पुढे वाचनालयात त्याच्यासाठी नाव लावून आम्ही किती दिवस वाट पाहिली होती! हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचताना तर समोर माप द्यायला आलेले गिऱ्हाईक तसेच पायरीवर बसून राही आणि प्रकरण संपल्यावाचून उठत नसे. दादा मला शिकवीत नसत, पण चुकलो की सुई थांबे. “आरं, पूर्णविरामापाशी थांब की. त्या बाईचं दुःख तसंच गिळून पुढं पळतोस!” व्याकरणाच्या पुस्तकाने मला विरामचिन्हे शिकविली नाहीत, ती त्या थांबलेल्या सुईने शिकविली. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो. माझ्या शिक्षणातील पहिली इयत्ता ती ओटी होय.

पुष्कळ वर्षांनी मला वाचावयास मिळाले, की हा प्रकार जगात इतरत्रही होता. क्यूबा बेटावर हवाना शहरातील चिरूट वळण्याच्या कारखान्यांत १८६५ सालापासून वाचक नेमण्याची प्रथा पडली. कामगार चिरूट वळीत बसत आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. आमच्या ओटीवर वर्गणी नव्हती, पण शनिवारी बाजारादिवशी एक आण्याचे शेंगदाणे वाचकाला मिळत. क्यूबातील त्या वाचकाशी मला तेव्हापासून भाऊबंदकी वाटते.

वाचनाइतकेच प्रेम गाण्यावर. पुणे आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. गदिमांची गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. त्या वेळी मी जन्मलो नव्हतो. आणि घरी रेडिओही नव्हता. समोरच्या हॉटेलात होता. गाण्याची वेळ झाली की दादा मशीन थांबवून दारात उभे राहत, आणि सारी आळीच रस्त्यावर येई, असे ते सांगत. पुढे घरी रेडिओ आला. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टातून घ्यावा लागे. तो कागद दादांनी देवघराच्या फळीवर ठेवला होता. बुधवारच्या रात्री रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला आम्हां मुलांची, सकाळची भक्तिगीते आईची, आणि नाट्यगीते दादांची, अशी त्या एका रेडिओची वाटणी होती. परंतु वाटणी झाली तरी ऐकत सारेच. माझ्या वाट्याचे नसलेले संगीत माझ्या कानांवर पडले आणि तेच आज मला अधिक आठवते.

येथे भगिनींना उद्देशून एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. घरात रमण्याचे मी जे गोड वर्णन केले ते पुरुषाच्या बाजूचे आहे. घरी बसणे ही आपल्या आयाबहिणींची आवड नव्हती. त्यांच्यावर ती सक्ती होती. १८७३ साली विवाह झाल्यावर न्यायमूर्ती रानडे आपल्या पत्नीला, रमाबाईंना, स्वतः लिहावाचावयास शिकवू लागले, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांना किती बोल लावले, हे रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत वाचावयास मिळते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरोट्याशी आणि शेतात जन्मली. चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्तांनी ती टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. टिपली गेली नाहीत अशी गाणी किती असतील?

माझी आई वाचनाच्या वेळी ओटीवर येत नसे. ती माजघराच्या दाराआड भाकरी थापीत ऐके. एके रात्री मी एक पान चुकून गाळले. दादांच्या ध्यानात आले नाही. आतून आवाज आला, “मधलं राहिलं रं. ती माहेराहून कधी निघाली?” निरक्षर म्हणून जिला आम्ही समजत होतो, तीच आमची सर्वांत दक्ष श्रोती होती. तिचा छंद म्हणाल तर कातरणाच्या गोधड्या. गिऱ्हाइकाचा सदरा शिवून जी चिंधी उरे ती ती रंग पाहून वेगळी ठेवी. तिच्या शेवटच्या गोधडीत गावातल्या निम्म्या घरांचे कापड आहे. तिला ‘कला’ म्हणावे हे आम्हांला सुचले नाही. पुण्यात दिनकर केळकर नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा नित्य वापरातल्या वस्तू हौसेने जमविल्या आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. ते संग्रहालय प्रथम पाहिले त्या दिवशी मला आईच्या गोधड्या आठवल्या, आणि त्यांतल्या तीन आम्ही मशीन पुसण्यासाठी फाडल्या हेही आठवले.

आता चुकीकडे येतो.

शिक्षण झाले, पुण्यास नोकरी लागली. गावाकडे थोरल्या बंधूंनी दुकान चालविले. तयार कपड्यांचा काळ आला, काजे यंत्रावर होऊ लागली, आणि संध्याकाळचे हातकाम संपले तसे वाचनही संपले. घरात दूरदर्शन संच आला. मी शाळेत चाळीस मुलांसमोर वाचनाचे महत्त्व सांगत राहिलो, वाचनप्रेरणेवर व्याख्याने दिली, स्पर्धांचा परीक्षक झालो. इकडे दादांना काचबिंदू झाला आणि २०१४ सालापर्यंत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. मी सुटीत गावी जात असे, औषधांची चौकशी करीत असे, फळे नेत असे. पण ज्याने मला वाचावयास बसविले त्या माणसाजवळ बसून एक पान मोठ्याने वाचावे, हे सहा वर्षांत मला एकदाही सुचले नाही. त्यांनीही कधी मागितले नाही.

२०२० सालच्या मार्चमध्ये मी चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. मी तेथेच अडकलो. दुकान बंद. लग्नसराई हातची गेली. शिवून तयार असलेले कपडे न्यायला कोणी येईना. घरात चार पिढ्यांची नऊ माणसे होती, आणि मोबाईल सात. ज्याच्या त्याच्या कानांत ज्याचे त्याचे गाणे होते. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा दाखवू लागले. १९८७ साली रविवार सकाळी ज्या मालिकेने रस्ते ओस पाडले होते तीच ही. सकाळी नऊला आणि रात्री नऊला सारे घर जमू लागले, तेव्हा मला बरे वाटले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादा खुर्चीत बसून म्हणाले, “आता कोन बोलत न्हाई. काय चाललंय रं?” पडद्यावर नुसते दृश्य होते, संवाद नव्हता. कोणी उत्तर दिले नाही. सारे पाहण्यात गुंतले होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही. थोड्या वेळाने भिंत चाचपडत ते आत निघून गेले.

मंडळी, ती पाठमोरी आकृती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भरल्या घरात माणूस एकटा कसा पडतो हे मी त्या रात्री पाहिले.

दुसऱ्या दिवशी फडताळातून ‘श्यामची आई’ काढले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. श्याम रोज रात्री सांगतो आणि इतर भोवती बसून ऐकतात. म्हणजे ते पुस्तकच मुळी ऐकण्यासाठी जन्मलेले. मी दादांच्या खाटेशी बसून पहिली रात्र वाचावयास घेतली. पानभर झाले असेल, दादा म्हणाले, “मास्तर झालास, पर पूर्णविराम अजून गिळतोसच.” मला हसू आले, आणि पुढची ओळ काही केल्या दिसेना.

तिसऱ्या रात्री त्यांनी विचारले, “हाताला काय काम हाय का?” बंधूंनी मुखपट्ट्या शिवावयास घेतल्या होत्या. त्यांच्या नाड्या उलटविण्याचे काम दादांना दिले. पुढे ते सुईही मागू लागले. दोरा ओवणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून पुतण्याची बारा वर्षांची मुलगी वाचनापूर्वी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागली. सुया ओवावयाच्या तर जवळ बसावे लागे, आणि जवळ बसले की ऐकू येई. पाचव्या दिवशी तिच्या कानांतली यंत्रे गळ्यात आली. पंधराव्या दिवशी मला खोकला झाला तेव्हा पुस्तक तिने घेतले. ती इंग्रजी शाळेतली, जोडाक्षरांपाशी अडे. सुई थांबे, दादा शब्द सांगत, सुई पुन्हा चालू लागे. साठ वर्षांपूर्वीची ओटी मी जशीच्या तशी पाहत होतो. फक्त वाचक बदलला होता.

दादा २०२२ साली गेले. शेवटची दोन वर्षे त्या घरात वाचन थांबले नाही. दिवसा मी पुण्याहून दूरध्वनीवर वाचीत असे, रात्री ती मुलगी. त्या दोन वर्षांचे समाधान मला आहे. त्याआधीच्या सहा वर्षांची रुखरुख मात्र तशीच आहे, आणि ती आता भरून निघणारी नाही.

मी नव्या साधनांचा शत्रू नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. हव्या त्या गवयाचे गाणे हव्या त्या क्षणी ऐकता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटांचे गाणे मावे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोर गायकांनाही आपला राग तेवढ्यात आटोपावा लागला. आज तास-तासाच्या मैफली घरबसल्या मिळतात. बोलकी पुस्तकेही मिळतात, आणि दृष्टी गेलेल्यांना ती वरदान आहेत. माझे म्हणणे इतकेच, की साधन कोणतेही असो, त्याच्याभोवती दोन माणसे बसतात की नाही, हे पाहावे. पुस्तकातही माणूस एकटा होऊ शकतो, आणि मोबाईलवरचे एक गाणेही चौघांना एकत्र आणू शकते.

म्हणून या संमेलनाच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. पहिली, ज्या घरात दृष्टी मंदावलेले वडीलधारे माणूस असेल, त्या घराने रोज अर्धा तास त्याच्यासाठी मोठ्याने वाचावे. ते मागणार नाहीत, आपणच बसावे. दुसरी, घरातील जुनी पुस्तके, दिवाळी अंक, गाण्यांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेस दाखवाव्या. मी त्यांची यादी करावयास तयार आहे. तिसरी, आपल्या आज्यांना येणाऱ्या ओव्या आणि गाणी नातवंडांनी त्या मोबाईलवरच उतरवून घ्यावी आणि एखादी गोधडी तरी फाडण्यापासून वाचवावी. पुढील संमेलनात त्या गोधड्यांचे प्रदर्शन भरवावे अशी सूचना मी कार्यकारी मंडळास करतो. आईची एक शिल्लक आहे. ती मी आणीन.

या तिन्ही कामांना निधी लागत नाही आणि ठरावही लागत नाही. लागतो तो अर्धा तास, आणि जवळ बसण्याची इच्छा.

पूर्णविराम गिळले असल्यास क्षमा असावी. श्रीनामदेव महाराज आपणां सर्वांच्या घरी सुखाचा शब्द नांदवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.